पाठमोरी म्हैस

बालपुस्तकांच्या प्रदर्शनाची आठवण म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. ह्यो आता सांगणार, की लहानपणी चित्रांचं एक पुस्तक हातात पडलं, त्याच्या पानांचा वास आला आन् तिथून ह्याचं आयुष्य बदललं. बसा निवांत. माझ्या हातात पुस्तक पडलंच न्हाई, माईक पडला. आन् त्या माईकवर मी जे केलं ते आजबी आठवलं की मान खाली जाती.

नांदेडात आमच्याच शाळेच्या हॉलमधी प्रदर्शन होतं. मी तवा कॉलेजला होतो, पण गॅदरिंगला नकला करायचो म्हणून चित्रकलेच्या बाईंनी बोलावून घेतलं. "मधल्या टायमाला पोरं सांभाळ, कंटाळू देऊ नको," एवढंच काम. भिंतीभर सुतळ्या बांधून कपड्याच्या चिमट्यांनी चित्रं लटकवली होती. छापलेली न्हाई, हातानं काढलेली. कडेला पेन्सिलीच्या खुणा, कुठं पांढरा रंग देऊन झाकलेली चूक. सगळी लातूरच्या एका काकूंची. वय पन्नाशीच्या पुढं. कित्येक वर्षं पोरांच्या पुस्तकांत म्हशी, मांजरं, कोंबड्या काढायल्या, पण लोकांसमोर कधी ब्रश धरला न्हाई.

बाई त्यांच्यासाठी तीनदा लातूरला गेल्त्या. तिसऱ्या वेळी काकू कशाबशा तयार झाल्या, की पोरांसमोर बसून चित्र काढीन. हे नीट पार पडलं तर पुढं शाळा-शाळांत येऊन शिकवीन. सकाळपासून बाई मला तेच सांगायल्या, "लई मुश्किलीनं आल्यात रे. सांभाळून घे."

"हाव बाई," म्हणलो मी. हाव म्हणायला काय लागतंय!

काकूंना तयारीसाठी शेजारचा वर्ग दिला होता. मी चहा घेऊन गेलो आन् खिडकीतच थांबलो. काकूंनी डस्टर ठेवायच्या फळीवर एक गोल आरसा टेकवला होता आन् त्यात बघून तोंड करायल्या. गाल फुगवले, नाकपुड्या फेंदारल्या, खालचा जबडा एकीकडं सरकवला. खरं सांगतो, म्हैसच. रवंथ करता करता कुणीतरी दगड मारलेली म्हैस. मग झटकन खाली वाकून तेच तोंड कागदावर काढलं. मग मांजर. मग आरवायच्या आधी मान ताणलेला कोंबडा. आधी आपल्या तोंडावर, मग कागदावर, अशी त्यांची रीत.

मी बी घरी हेच करतो. न्हाणीत, कडी लावून, दाढीच्या आरशासमोर. दुसऱ्याचं तोंड आपल्या तोंडावर आणायचं म्हणजे काय असतं, हे त्या शाळेत माझ्याइतकं कुणाला कळलं असतं? तरी माझ्या डोक्यात एकच आलं: आयला, काय आयटम भेटला!

उद्घाटनाच्या पाहुण्यांना यायला उशीर झाला. अर्धापूरकडची पोरं टेम्पोत उभी राहून आल्ती, ती चुळबुळ करायली. मी माईक घेतला. "तुम्हाला दाखवू का, चित्र काढणाऱ्या काकू म्हैस कशी काढतेत?" मोबाईल आरशासारखा धरला आन् सुरू झालो. गाल, नाकपुड्या, जबडा. मधीच पदर सारखा करायची त्यांची लकब बी घेतली. पोरं लोळायची बाकी राहिली. "दादा, परत! दादा, परत!" मी परत केलं. तिसऱ्यांदा बी केलं.

हसणं एकाएकी दारात जाऊन अडकलं. काकू दारात उभ्या होत्या. हातात कागद लावायचा फळा, ब्रशांचा डबा, आरसा. पुढं बसलेली एक चिमुरडी ओरडली, "ती बघ, तोंड करणारी आली!"

काकू हसल्या. तेवढ्यातच त्यांनी आरसा पिशवीत घातला, ते मी बघितलं.

स्टँडवर कागद लावून काढायला बसल्या. हात असा पळायला, की पोरं गप झाली. म्हैस आली, पण पाठमोरी. पुठ्ठे, शेपूट, शेपटीवर माशी. मग मांजर, ते बी पाठमोरं. कोंबडाबी तिकडं तोंड करून.

"काकू, तोंड करा की! दादानं केलं तसं!"

"ओ काकू, ह्यांला तोंडच न्हाई!"

"हाय की," काकू बारीक आवाजात म्हणल्या. "ते गावाला चाललेत, मनून तिकडं बघायलेत."

थोडी पोरं हसली. मग एकेक उठून खिचडीच्या रांगेत गेली.

काकूंनी चारची बस धरायची म्हणून जेवण बी केलं न्हाई. ऑटोपर्यंत पिशवी मी नेली. माफी मागायची होती, पण सरळ बोलायची सवयच न्हाई मला. हात जोडून, सिनेमातल्या नोकराच्या आवाजात म्हणलो, "चूक झाली, मालकीणबाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझं चांगलं जमलंय, लेकरा. माझे दीर करायचे जेवायच्या पंगतीत. त्यांच्यापेक्षा तुझं लई चांगलं हाय." ऑटो गेला.

परत आलो तर बाई एकट्याच चिमटे काढून चित्रं फाइलीत घालायल्या. माझ्याकडं न बघताच सुरू झाल्या.

"त्या दार लावून चित्र काढतेत, म्हाईत हाय का तुला? सासरी हसून हसून तशी सवय लावली त्यांना. ते दार उघडायला मला तीन चकरा लागल्या. तुला दहा मिनटं लागली परत लावायला."

"बाई, मी नुसती गंमत—"

"गंमत! पोरं हसली की झालं तुझं काम. टेम्पोत उभी राहून आलेली लेकरं म्हशीचं बूड बघून घरी गेली. मला त्यांना दाखवायचं होतं, की एवढं मोठं माणूस बी लाज सोडून तोंड वेडंवाकडं करतं, तवा कुठं चित्राला तोंड येतं. आता त्या शाळेत येणार न्हाईत. ऑटोत बसायच्या आधीच सांगितलंय मला."

बाईंची डावी भुवई थरथरायली. चिडल्यावर दर वाक्याच्या शेवटी त्या श्वास आत ओढतेत, हे मला पहिल्यांदाच दिसायलं.

बाई एकदम माझ्याकडं वळल्या.

"असं काय बघायलास? माझं तोंड पाठ करायलास ना?"

मला न्हाई म्हणता आलं न्हाई.

"शरम वाटू दे रे जरा! धर ही फाईल. आन् खाली बघ. खाली!"