आपल्या रोडले सेट केलेली गाडी

आमच्या अहेरीकडे गाडीची चाकं रस्ता बघून जुळवतात. खनिजाने भरलेले ट्रक रात्रंदिवस धावून रस्ता डाव्या बाजूला खचलाय, त्यामुळे धड असलेली गाडी आपोआप तिकडच्या खड्ड्यांकडे घसरते. मग मिस्त्री पुढच्या चाकाला वरून धरून ठेवणारा लोखंडी आर्म सैल करतो, त्याच्या बोल्टमागच्या पातळ चकत्या कमी-जास्त करतो आणि गाडी मुद्दाम उजवीकडे ओढेल अशी करून देतो. वाकड्या रस्त्यावर वाकडी गाडी सरळ धावते. आणि याचं सगळ्यांना केवढं कौतुक! माझं मात्र डोकं फिरतं. रस्ता कोणी दुरुस्त करायचा नाही, आम्हीच वाकडं व्हायचं.

बाबांचं डायलिसिस चंद्रपूरला होतं. आठवड्यातून दोनदा मीच त्यांना घेऊन जाते. पावसाळा संपल्यावर दादानं माझी गाडी मिस्त्रीकडे नेऊन अशीच जुळवून आणली आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. त्यानंतर बाबांना घेऊन पहिल्यांदा निघाले, त्या दिवशी खराब रस्त्यावर गाडी छान चालली, मला बरंच वाटलं. गोंडपिपरीच्या पुढे नवा सपाट सिमेंटचा पट्टा लागला तशी मी स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली, आणि गाडी थेट समोरून येणाऱ्या ट्रकवर निघाली. कशीबशी खेचून आणली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी गाडी कडेला घेतली आणि दादाला फोन लावला.

"आपल्या रोडले सेट केली ना मी. काऊन चिडून राह्यली? सगळेच तशी करते."

"बाबाले घेऊन ट्रकखाली जात होती मी! तुले सांगाले काय झालं होतं?"

"सांगाचं राह्यलं," म्हणाला. राह्यलं म्हणे! मी फोन आपटला.

बाबा मशीनवर असताना मी चंद्रपूरच्या गॅरेजात चाकं पुन्हा सरळ करून घेतली. परतताना सिमेंटचा रस्ता संपला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. ट्रकमागून ट्रक येत होते. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं होतं, खांदे भरून आले होते. तेवढ्यात शेजारून बाबांचा हात आला आणि त्यांनी स्टिअरिंग धरलं. सुया टोचलेला, पट्टी बांधलेला हात. त्या हाताला साधी बादली उचलायचीही मनाई आहे.

"हात काढा, बाबा!"

"तू एकटी कितीक धरून राहशीन?"

"काढा म्हणते ना! रक्त येईन!"

त्यांनी काढला नाही. अहेरीच्या अलीकडचं आलापल्ली येईपर्यंत आम्ही दोघं मिळून गाडी रस्त्यावर धरून होतो, आणि मी सारखी त्यांच्यावरच ओरडत होते, कारण त्या रस्त्याबद्दल ज्याच्यावर ओरडावं असं दुसरं कोणी तिथे भेटतच नाही.