गुरुजूंची उघडी खिडकी

गुरुजूंना मी प्रथम पाहिले ते लंडनच्या ईलिंग भागातल्या चर्चमागच्या हॉलमध्ये, केअरटेकरची बोलणी खाताना. ऐन जानेवारीत हीटर चालू ठेवून त्यांनी खिडकी उघडली होती. ते नम्रपणे हसत होते, माफी मागत होते आणि खिडकी काही लावत नव्हते. माझ्या मुलीला, ईशाला, तबला शिकवणारे कोणी भेटेल म्हणून मी तिथे गेले होते. भेटले ते श्री. पूर्णलाल महर्जन. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार लोकांचा धिमे हा मोठा ढोल ते मुलांना शिकवत. नेवार मुले त्यांना गुरुजू म्हणत, मग आम्ही मराठी मंडळीही म्हणू लागलो. आज त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत.

खिडकीचे कारण मला पुढे कळले. नेवारांच्या संगीतदेवतेसाठी, नासःद्यःसाठी, भिंतीत भोक ठेवतात. हा देव सरळ जातो, वळत नाही, म्हणून त्याची वाट अडवायची नसते. चर्चची भिंत फोडता येत नाही, असे गुरुजू गंभीरपणे सांगत.

फीचा विषय काढणाऱ्या पालकांना ते खुर्च्या मांडायला लावत. मीही पुष्कळ मांडल्या आहेत. माझे वडील पुण्यात वारले आणि मला वेळेवर पोहोचता आले नाही, तेव्हा गुरुजू आणि त्यांच्या पत्नी तारादेवी वरणभाताचा डबा घेऊन घरी आले. गुरुजू तासभर माझ्याजवळ बसून राहिले. त्या दिवसांत मला सर्वांत मोठा आधार त्यांचाच वाटला.

शिकवण्याची शिस्त मात्र कडक होती. बोल तोंडात बसल्याशिवाय ढोलाला हात लावायचा नाही. कागद नाही, फोनवर रेकॉर्डिंग नाही. जत्रेहून परतताना वाजवायची एक रचना त्यांनी राखून ठेवली होती. मुले चारचौघांत वाजवू लागली की मगच ती द्यायची, असा त्यांच्या गुरूंचा दंडक होता. गेल्या वसंतात मुले तयार झाली आणि गुरुजूंनी ती शिकवायला घेतली. अर्ध्यावर ते थांबले. पुढचे पुढच्या शनिवारी, म्हणाले. पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि नेमके तिथेच थांबले.

हा स्मृतीचा आजार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. ही रचना येणारे त्यांच्या टोळातले, म्हणजे काठमांडूकडच्या वस्तीतले, कोणीच आता हयात नाही, हे तारादेवींनी मला हॉलच्या स्वयंपाकघरात, कप विसळता विसळता सांगितले. मला रडू आवरले नाही. त्या विसळतच राहिल्या.

आजच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्यासाठी उरलेला भाग आपणच जुळवून घ्यावा, असे काही पालकांनी सुचवले. मलाही ते पटले होते. ईशा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, ते गुरुजूंचा जागा आहे. आपण नाही फिल करायचं." बाकीची मुलेही तिच्याच बाजूची निघाली.

परवा सरावाला मुलांनी रचना येते तिथपर्यंत वाजवली आणि हात थांबवले. हॉल अगदी शांत झाला. त्या शांततेत गुरुजू उठले. त्यांना बोल आठवले की काय, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. ते खिडकीपाशी गेले, अर्धवट उघडलेली खिडकी त्यांनी पूर्ण उघडली आणि परत येऊन बसले. "हं, आता पहिल्यापासून," म्हणाले.

गुरुजूंना उदंड आयुष्य लाभो, शरीर सुखात राहो. राहिलेले बोल कधी परत आले तर मुले तयार आहेत. नाही आले, तर त्या जागेवर ती दर शनिवारी थांबतील. तेव्हा उठून खिडकी उघडायला गुरुजू असावेत, एवढेच आमचे मागणे आहे.