उत्तराचं कार्ड

डांबरगोळ्यांच्या वासाच्या ट्रंकेत आज एक पोस्टकार्ड सापडलं. एका बाजूला आमचा मंठ्याचा पत्ता, माझ्या शाळकरी अक्षरात; दुसरी बाजू कोरी.

तेव्हा पोस्टात जोडकार्ड मिळायचं. एक आपल्या प्रश्नासाठी, दुसरं समोरच्याच्या उत्तरासाठी. बाबा नोकरीसाठी हैदराबादला गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. 'कधी येता?' एवढंच मायनं माझ्याकडून लिहून घेतलं आणि टपालपेटीत टाकण्याआधी उत्तराचं कार्ड फाडून ठेवलं.

"मंग बाबा उत्तर कशावर लिहितील?" मी विचारलं.

"न्हाई आलं उत्तर, तर कार्ड नव्हतं म्हणता येईल," ती म्हणाली.

तेव्हा मी तिच्यावर फार चिडले होते. आता मुलाला फोन लावते आणि दोन रिंगा वाजल्या की मीच ठेवून देते.