मोराचं वळण

भवानी पेठेत वीस वर्षं यंत्रमाग चालवलेले गुरप्पाअण्णा आम्हा नवशिक्यांना महिन्यातल्या एका रविवारी रामलिंगच्या डोंगरात फिरायला न्यायचे. मागाच्या खडखडाटात बोलावं तसंच तिथंही ओरडायचे. "हळू चढा की! यष्टी सुटतीय व्हय?" झाडावरची वानरं पळायची. मला संताप यायचा. एवढंच ओरडायचं तर डोंगरात यायचं कशाला?

एका वळणावर मात्र ते सगळ्यांना बसवायचे आणि गप्प करायचे. पंचाहत्तरच्या श्रावणात तिथं त्यांनी माझा हात धरला. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "मोर वरडतोय का रं?"

समोरच्या झाडीत मोर केव्हापासून ओरडत होता. मी मान हलवली.

"मग बसा निवांत. आदी मलाबी हितंच ऐकू यायचा."