भन्तेजींनी बोलायचं नाही

चूक माझीच. वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आईच्या गावी, इस्लामपूरजवळ ठेवला आणि हौसेनं पत्रिका छापली: 'थायलंडच्या पूज्य भन्तेजींचे धम्मप्रवचन'. पत्रिकेत पाहुण्याला मोठं केल्याशिवाय आमच्याकडं कुणाचं समाधानच होत नाही. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत पोलीस ठाण्यात पोचली.

वडील करोनात गेले. स्मशानात आम्हाला जाऊ दिलं नाही, त्यांच्यासाठी त्रिशरण म्हणायलाही कुणी नव्हतं. तेव्हापासून आईचं एकच मागणं होतं, त्यांच्या नावानं एखाद्या भिक्खूनं चार शब्द बोलावेत. हे भन्ते तिला बुद्धगयेला भेटले होते. येतो म्हणाले आणि खरंच आले.

आधी ते साताऱ्यात माझ्याकडं उतरले. परदेशी पाहुणा आला की पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं. फॉर्मनं विचारलं, तुमचं हॉटेल की लॉज? माझ्या दोन खोल्या! जन्मभर सरकारी कारकुनी करूनही माझं डोकं फिरलं. गावी नेलं तर जिल्हा बदलला, म्हणून तोच फॉर्म पुन्हा. मग ठाण्यातून बोलावणं आलं. साहेबांनी पत्रिका पुढं सरकवली. पर्यटक व्हिसावर धर्मोपदेश चालत नाही, मिशनरी व्हिसा लागतो. मी म्हटलं, ते कुणाला बाटवायला आलेले नाहीत, आम्ही छप्पन्न सालापासूनचे बौद्ध आहोत. साहेब म्हणाले, सांगलीला जिल्ह्याच्या ऑफिसात विचारा. सांगलीतले म्हणाले, बसू द्या, जेवू द्या, बोलायचं मात्र नाही, आणि नंतर तसं ठाण्यात लिहून द्या. पंचशील देणं हे बोलण्यात धरायचं का, ते दोन्हीकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. नियम असावेत हो, पण ते माहीत असलेला एक तरी माणूस खुर्चीत असावा.

आईला हे सांगताना माझा आवाज चढला. तिचा नाही.

"मग त्यास्नी नुसतं बसू दे," ती म्हणाली. "पंचशील मी म्हणते. मला कुणाचा व्हिसा लागतोय?"

एरवी भिक्खू सांगतात आणि आम्ही मागून म्हणतो. त्या दिवशी आईनं सांगितलं, सगळा मंडप तिच्यामागून म्हणत गेला आणि भन्ते हात जोडून गप्प बसले. लक्ष ठेवायला ठाण्यातून आलेला हवालदार मागं बसला होता. तो जेवून गेला.

निघताना भन्ते उंबऱ्याशी थांबले. वडिलांच्या फोटोकडं तोंड करून बराच वेळ पालीत काहीतरी म्हणत राहिले. आई तिथंच जमिनीवर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळी रडली.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात लिहून दिलं, सदर परदेशी नागरिक काहीही बोलले नाहीत. उभ्या नोकरीत सरकारी कागदावर मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. फक्त आईला सांगितलं नाही, कारण खोटं बोलणार नाही, हे आदल्या दिवशी मी तिच्याचमागून म्हटलं होतं.