सुभेदारांची शपथ

सुभेदारांसमोर बोलताना विशेषण जपून वापरावे लागे. कुवेतमध्ये नव्याने आलेल्या कोणी ‘काय भयानक उकाडा आहे हो!’ असे म्हटले, की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, “भयानक म्हणजे काय झालं? चपला डांबराला चिकटल्या का? नळाचं पाणी हाताला भाजलं का? ते सांगा. उकाडा आम्हाला आपोआप कळेल.” समोरचा माणूस ओशाळे आणि पुढच्या वेळी खरोखरच चपलांविषयी बोले. मी हवल्लीतल्या एका भारतीय शाळेत मराठी शिकवत असे. निबंधाविषयी जे मी वर्गात वर्षभर सांगत राही, ते हे गृहस्थ चहाच्या एका कपात शिकवून मोकळे होत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आले. माझे यजमान डॉक्टर होते. त्यांच्याच इस्पितळात सुभेदार दुभाषी म्हणून काम करीत. आपल्याकडच्या परिचारिका आणि अरबी रुग्ण यांच्यामध्ये उभे राहून ते दोन्हीकडचे बोलणे पोहोचवीत. साठीकडे झुकलेले, ताठ कण्याचे आणि रोज सकाळी बूट स्वतः चकाकवणारे. तरुणपणी त्यांनी कोकणात फिरत्या कंपनीबरोबर नाटके केली, मग ते फौजेत गेले. ‘सुभेदार’ हा हुद्दा तिथला. आम्ही त्याचेच नाव करून टाकले.

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाचे नाटक ते बसवीत. तालीम आमच्याच दिवाणखान्यात, सोफे भिंतीला लावून. एकदा आमच्या कुलकर्णीबाई मुलाच्या मृत्यूच्या प्रसंगात हमसून रडू लागल्या. सगळे भारावलो. सुभेदारांनी हात वर केला.

“बाई, सगळं तुम्हीच रडून टाकलंत, तर प्रेक्षकांनी काय करायचं?”

“अहो, पण पोटचा मुलगा गेलाय तिचा!”

“म्हणूनच. त्याचा सदरा घडी करा आणि बातमी सांगा. बस्स.”

बाईंनी रागारागातच सदरा घडी केला. खोलीत कोणी हलले नाही.

ही शिस्त रंगभूमीची नव्हती. ती कुठून आली, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. युद्ध संपल्यावर सिंगापुरात जपानी छावण्यांमधील अत्याचारांचे खटले उभे राहिले. तेव्हा सरकारी पक्षाला छळ सोसलेल्या मराठी जवानांच्या जबान्या हव्या होत्या आणि ते काम या तरुण नटाकडे आले. जवानाने तोंड उघडायचे आणि यांनी त्याचा प्रत्येक शब्द इंग्रजीत मांडायचा. एका साताऱ्याच्या शिपायाने स्वतः सोसलेली मारहाण सांगितली आणि संतापाच्या भरात, न पाहिलेली एक हत्याही जोडून दिली. उलटतपासणीत ती नेमकी उघडी पडली आणि तिच्याबरोबर खऱ्या मारहाणीवरचाही विश्वास उडाला. आरोपी सुटला. “तो शिपाई कोर्टाबाहेर पायरीवर बसला होता,” सुभेदार म्हणाले. “मला म्हणाला, साहेब, माझ्या पाठीवरचे वळ पण खोटे झाले का हो? त्या दिवसापासून मी जास्तीचा शब्द सहन करत नाही.”

ते बेने इस्रायली होते, म्हणजे आपल्या कोकणातले, मराठी बोलणारे यहुदी. आडनाव ‘कर’ने संपणारे असल्याने कोणाला संशय येत नसे. शनिवारी ते सिगारेट पेटवीत नसत, हे मला दिसे. पण मी कारण विचारले नव्हते. एकदा त्यांनी ओले खोबरे घातलेल्या गोड पोह्यांची वाटी आणून दिली. “मलिदा आहे. नवस होता,” ते म्हणाले आणि मग आपण यहुदी असल्याचे व शनिवारी विस्तव पेटवत नसल्याचेही सांगितले. व्हिसाच्या वेळी मुंबईतल्या एजंटाने त्यांना न विचारताच कागदावर ‘ख्रिस्ती’ लिहून टाकले होते. त्या काळात त्या भागात यहुदी म्हणून नोकरी मिळणे आणि टिकणे कठीण, हे सांगण्याची गरज नव्हती. “अरबी मात्र मला पटकन आली,” ते हसून म्हणाले. “लहानपणीच्या प्रार्थनेतले कितीतरी शब्द तिचे चुलतभाऊ निघाले.”

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात अबू हलीफा भागात एका बांधकामाची परांची कोसळली. एक मजूर जागीच गेला. दुसरा, मालवणकडचा गणू सुतार, पाय मोडून यजमानांच्या वॉर्डात आला आणि त्याच्या खाटेशी पोलीस बसला. मुकादमाने जबाब दिला होता, की परांचीची दोरी गणूनेच सोडली. तो दोषी ठरला असता, तर त्याला तुरुंग होता. तपासनीस अधिकारी वॉर्डात येऊन त्याची जबानी घेणार होते आणि दुभाषी म्हणून सुभेदारांना बोलावले होते.

एव्हाना मंडळातील काहींना त्यांचा धर्म ठाऊक झाला होता; त्यांनी आजारपणाची रजा घ्यायला सुचवले. अशा जबानीआधी दुभाष्याला शपथ घ्यावी लागते, आणि शपथेआधी धर्म विचारतात. “एक शब्द तर म्हणायचाय, ख्रिस्ती,” कोणी म्हणाले. सुभेदारांनी बुटाला पॉलिश लावण्याचे काम थांबवले नाही.

त्या दिवशीचे सारे यजमानांनी मला सांगितले. अधिकाऱ्याने कागद उघडून विचारले, “धर्म?”

“यहुदी.”

अधिकाऱ्याने कागदावर बोट ठेवले. “इथं तर ख्रिस्ती लिहिलंय.”

“ते चूक आहे. या माणसाचं खरं मी तुम्हाला सांगणार आहे. सुरुवातच खोट्यानं केली, तर पुढचं तुम्ही का ऐकावं?”

अधिकारी वयस्क होते. ते सुभेदारांकडे पाहत म्हणाले, “मग तुमच्या मूसा पैगंबराच्या देवाची शपथ घ्या. तो आमचाही आहे.”

मग गणू घाईघाईने बोलला. “मुकादमानच दोरी कापल्यान, देवाशपथ!”

सुभेदारांनी ते जसेच्या तसे अरबीत सांगितले. अधिकाऱ्याने विचारले आणि त्यांनी मराठीत पोहोचवले, “कापताना तू पाहिलंस?”

गणूने त्यांच्या चेहऱ्याकडे आशेने पाहिले. त्या चेहऱ्यावर होकार नव्हता, नकारही नव्हता. “नाय,” तो शेवटी म्हणाला. “कापताना नाय बघूक. मुकादम सकाळी सुरी घेवन वर गेलो. खाली इलो, तेव्हा दोरी तेच्या खांद्यार होती. पलीकडच्या कामाक व्हयी, असा तो म्हणालो.”

अधिकाऱ्याने लेखणी उचलली. तपासात पलीकडच्या कामावर ती दोरी सापडली, तिच्या एका टोकाला ताजा काप होता. आठवड्याभरात गणूच्या खाटेजवळचा पोलीस उठून गेला.

सुभेदारांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मात्र त्या वर्षी पुढे वाढला नाही. कारण कोणी दिले नाही, त्यांनी विचारले नाही. विमानतळावर मंडळातले मोजकेच आलो होतो. गणू कुबड्यांवर आला होता.

“माझ्यापायी तुमची नोकरी गेली ओ, सुभेदारांनु. माका झोप येणा नाय.”

“वेडा आहेस,” सुभेदार त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “जन्मभर मी दुसऱ्यांची वाक्यं बोललो, गणू. नाटकात लेखकाची, कोर्टात साक्षीदारांची, इस्पितळात रोग्यांची. माझं स्वतःचं असं एकच वाक्य बोलायचं राहिलं होतं. ते तुझ्या खाटेशी बोलून झालं.”

मग त्यांनी आम्हा सर्वांना एक नमस्कार केला आणि बॅग उचलून, मागे न पाहता, ते आत गेले.