जाळीचं जॅकेट

भर मे महिन्यात मोटारसायकलवर घालायचं जॅकेट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात माझ्या मापाचं जाळीचं जॅकेट एकच उरलं होतं आणि ते एका अनोळखी गृहस्थाच्या हातात होतं. अंगानं तो माझ्याएवढाच, पोटासकट. जॅकेट तोंडासमोर धरून तो फुंकर मारायचा आणि हवा पलीकडं येते का, ते दुसऱ्या तळहातावर बघायचा. मग कोपराच्या पॅडवर दोन बुक्के हाणायचा.

"पिशोरहून रोज येणंजाणं हाय," तो म्हणाला. "पडलो तर हाडं वाचावीत, अन् नाय पडलो तर उकडून मरू नये."

"मलाही तेच हवंय. रोज पैठणला जातो," मी म्हणालो.

त्यानं मला नीट न्याहाळलं. जाळीचं जॅकेट काखेत दाबून त्यानं खुंटीवरचं काळं चामड्याचं जॅकेट माझ्या अंगावर चढवलं.

"आरारा! साहेब, जाळी आमच्यासारख्याला. तुम्ही तर ह्यात थेट फौजदार दिसायलात!"

मला आजवर घरातसुद्धा कुणी फौजदार समजलेलं नाही. मी आरशासमोर वळून वळून बघू लागलो. पाठीवरून घाम ओघळत होता, पण तो आरशात दिसत नव्हता. तेवढ्यात त्यानं पैसे दिलेसुद्धा.

बाहेर जाळीचं जॅकेट घालून त्यानं गाडीला किक मारली. मी दारात, चामड्यात शिजत उभा.

"साहेब, चेन गळ्यापर्यंत लावा," तो गंभीरपणे म्हणाला. "त्याबिगर रुबाब नाय येत."

त्याची लबाडी एव्हाना मला कळली होती. तरीही मी चेन वर ओढली.